दिवेवाली थांबते तिथं

९ जानेवारी, दुपार

ताई,

फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी पाकिटावरचं अक्षर तरी बघावंच लागतं, आणि माझं अक्षर बघून तू आजवर हसली नाहीस असं झालेलं नाही. पोस्टातल्या माणसानं पत्ता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "हे पोचेल का?" मी म्हटलं, "पोचेल, तिला सवय आहे."

मी बरी आहे. जेवते. खोकला नाही. तू विचारणार नाहीस, पण हे तिन्ही तुझ्या मनात येणार म्हणून आधीच सांगून टाकलं.

निघताना तू म्हणाली होतीस, "जायचंय तर जा त्या लोकांबरोबर, पण तिथलं काही मला सांगायचं नाही." मी इतके दिवस ऐकलं. आता ऐकवत नाही, म्हणजे गप्प बसवत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे काय आज कळलंय तुला?

तर ऐक. मी वायरी गुंडाळायला आले होते. रेकॉर्डिंगच्या खोलीत इतक्या वायरी असतात की वाटतं इमारत त्यांच्यावरच उभी आहे. त्या गुंडाळायची एक पद्धत असते, एक वेढा वरून, एक खालून, नाहीतर पीळ पडून आत तुटतात. हे आमच्या रेकॉर्डिस्टनं शिकवलं. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण तो दुसऱ्या खोलीत कुणी चप्पल बदलली तरी ओळखतो. खोलीच्या भिंतींना जाड गोधडीसारखं कापड लावलंय, आत टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथं मरते. पहिल्या दिवशी मी बराच वेळ टाळ्याच वाजवत होते. कानसेन म्हणाला, "झालं कौतुक? आता वायर."

मुद्द्यावर येते. मी वायरी गुंडाळताना गुणगुणत होते. काय, ते तुला माहीत आहे. दाढीदादा मागं उभा होता. तुमच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा तेव्हाइतकीच दाढी आहे अजून, फक्त आता पांढरी. त्यानं माझ्या हातातली वायर काढून घेतली, माईकपुढं नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "भिंगरे, पहिल्यापासून म्हण."

झालं असं की सिनेमासाठी गाणार आहेत त्या मोठ्या गायिका परदेशात कार्यक्रम करत फिरताहेत. शूटिंग थांबवता येत नाही. म्हणून आधी कुणाच्यातरी आवाजात गाणी भरून घेतात, त्याला डमी म्हणतात. हिरॉईन त्यावर ओठ हलवते. पुढं मोठ्या बाई येतात, पडद्यावर बघून त्याच ओठांवर आपला आवाज बसवतात आणि डमी पुसून टाकतात. तर सध्या डमी मी आहे.

घरमालकीणबाईंना सांगितलं तर विचारायला लागल्या, "कसला गं सिनेमा?"

"रॉक ऑपेराचा."

"म्हणजे मारामारीचा?"

"नाही हो मावशी. त्यात कुणी बोलतच नाही. भांडण गाऊन, माफी गाऊन, मागं गिटार आणि ड्रम."

"चहा मागायचा झाला तरी?"

"गाऊनच."

"मग गार होत असेल," म्हणाल्या.

मग मी त्यांना सांगितलं की हा खेळ आधी रंगमंचावर व्हायचा, आणि सगळी गोष्टही सांगितली. एक बाई असते, गावातले रस्त्यावरचे दिवे लावते, शिडी घेऊन हिंडते. गावात वीज येणार असं ठरतं, तिला सांगतात उद्यापासून येऊ नकोस, आणि ती शेवटचं एकदा सगळा गाव उजळवते. मावशींनी डोळे पुसले. म्हणाल्या, "रंगमंचावर कुणी केली होती ही दिवेवाली?" मी म्हटलं, माझ्या ताईनं. "मग ती आता कुठं असते?" म्हटलं, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. त्यांना वाटलं मी थापा मारतेय.

तुझं मनगट कसं आहे? काचा घासून दुखतं तेव्हा गरम पाण्यात धर. मला उत्तर नको, धर.

तुझी, आणि सध्या दुसऱ्या कुणाच्यातरी ओठांची,
भिंगरी


२८ जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. पोचलं नसतं तर परत आलं असतं.

आज शेवटच्या गाण्याचं शूटिंग झालं. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्खा रस्ता उभा केलाय. घरांना मागची बाजू नाही, नुसत्या भिंती, बांबूंनी टेकवलेल्या. मी एका दारातून आत गेले तर मागं सुतार डबा खात बसले होते. "या, घरात या," म्हणाले. पण खांब खरे आहेत, दिवे खरे आहेत, शिडीही खरी. हिरॉईन तिसऱ्या पायरीवर गेली की तिचे गुडघे लटपटतात. एवढी मोठी हिरॉईन, पण वर जायच्या आधी हळूच माझा हात दाबते. मला ती "माझा आवाज" म्हणते. सेटवर सगळ्यांसमोर ओरडते, "माझा आवाज जेवला का?" स्वभावानं गोड आहे. तुला आवडली असती. तुला आवडली नसती, पण तू तिला खायला घातलं असतंस.

आता नीट वाच, इथून पुढं महत्त्वाचं आहे. (मघाचंही होतं.)

शेवटची ओळ. "सगळ्यांचे दिवे लावले मी, आता जाते" आणि मग "घरी". तू "जाते" नंतर थांबायचीस. चांगली थांबायचीस. ड्रम बंद, फक्त दाढीदादाची गिटार एक सूर धरून. मग "घरी". मी डमीत तसंच गायले. मला दुसरं कसं माहीत असणार? आई गेल्यावर घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तू मला प्रत्येक खेळाला न्यायचीस, विंगेत त्या गिटारच्या काळ्या पेटीवर चादर घालून निजवायचीस, कानात कापूस. मी काही गाढ झोपलेली नसायचे. कापसातून ऐकू यायचं. तू थांबलीस की मला कळायचं, आता संपलं, आता उचलून नेणार.

तर हिरॉईन शिडीवरून उतरली, ओठ हलवले, "आता जाते", आणि स्पीकरवर माझा आवाज थांबला. ती पण थांबली. आणि तिनं मान डावीकडं वळवून अंधारात कुठंतरी बघितलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाली, "थांबायचं म्हटल्यावर नजर कुठंतरी जाणारच ना." मग "घरी". शेडमध्ये कुणी हललं नाही. सुतारांपैकी एक हातात घास तसाच धरून उभा.

दिग्दर्शकबाई खुर्चीवरून उठल्या. त्या कधी उठत नाहीत, त्यांची पाठ दुखते. म्हणाल्या, "हे थांबणं कागदावर कुठं आहे?"

कागदावर नव्हतं, ताई. मी स्वरलिपीचा कागद कधी बघितलाच नाही, मला वाचता कुठं येतो. कागदात ओळ सरळ जाते म्हणे. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जशी काही मी चोरी केली. मी म्हटलं, गाणं असंच आहे. दाढीदादाकडं बघितलं, तो सांगेल म्हणून. गाणं त्यानंच रचलंय. तर तो दाढी खाजवत होता आणि हिरॉईनकडं बघत होता, ती अजून मान वळवून उभी होती. मग तो सरळ बाहेर निघून गेला. मी मागं गेले तर पत्र्याला टेकून उभा. "धूर जातोय डोळ्यांत," म्हणाला. धूर नव्हताच. दिवे गॅसचे आहेत.

मला वाटलं होतं गाणं म्हणजे तू गायचीस ते. ते वेगळं आहे हे आज कळलं.

शिट्टी झाली. जाते. वायरी वाट बघताहेत.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

ताई,

मोठ्या बाई आल्या.

मी त्यांचा राग करायचं ठरवलं होतं. नाही जमलं. साध्या आहेत, स्वतःचा थर्मास स्वतः आणतात, आणि आवाज असा की पहिल्या ओळीला कानसेननं डोळे मिटले. त्यानं मला सांगितलं, "बघ, याला म्हणतात गळा." मी म्हटलं, "मग माझं काय आहे?" म्हणाला, "तुझं नरडं. पण चांगलं आहे." हा माणूस कौतुक करतो तेव्हा डोक्यात टपली मारल्यासारखं वाटतं.

सगळी गाणी झाली. एकेक करून माझी डमी पुसली गेली. मला वाटलं होतं काही वाटणार नाही. कानसेन प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी माझ्याकडं बघायचा, मी मान हलवायचे, तो दाबायचा. शेवटी मी म्हटलं, अरे बाबा दाब, माझा दात काढतोयस का?

मग शेवटचं गाणं आलं. पडद्यावर हिरॉईन, "आता जाते". बाई गायल्या, आणि ती थांबली तिथं त्यांनी सुंदर हरकत घेतली. खरंच सुंदर. पण हिरॉईनचे ओठ बंद, आणि आवाज चाललाय.

दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "तिथं काही नाही गायचं."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गप्प."

"बरं." पुन्हा गायल्या. या वेळी हरकत नाही, पण एक बारीकसा "हं" आला. पुन्हा. या वेळी "जाते" इतकं लांबवलं की रिकामं काही उरलंच नाही. बाई हसायला लागल्या, "अगं, लहानपणापासून मार खाऊन शिकलेय की रिकामी जागा दिसली की भर. आता गळा ऐकत नाही माझं." थर्मास उघडला, मला अर्धा कप दिला आणि विचारलं, "तू तिथं काय करतेस?"

"थांबते."

"कशासाठी?"

कशासाठी ते मला कुठं ठाऊक? मी फक्त तुझ्यासारखी थांबते.

दिग्दर्शकबाईंनी तोच प्रश्न उचलला. म्हणाल्या, ही दिवेवाली तिथं काय बघते ते मला कळलं पाहिजे. कळलं तर मी ते दाखवीन, एक शॉट घेईन, अख्खा सिनेमा त्यावर संपवीन, आणि मग तुझा आवाज ठेवीन, डमी नाही, खरा. नाही कळलं तर ते थांबणं कापून टाकीन. प्रेक्षक विचारतील आवाज बंद पडला का काय. पुढच्या शुक्रवारी सांग.

ताई, म्हणून हे पत्र. तू का थांबायचीस?

तू हसशील पण लिहून टाकते. मी शिवण सोडलं, नर्सिंग सोडलं, ते बेकरीतलं काम तर तू सांगितलंस म्हणूनच सोडलं असं मी सगळ्यांना सांगते. कशासाठी कधी जीव तुटला नाही माझा. हे एक गाणं मला हवंय. नाव नको, फोटो नको. नुसतं ते अंधारात वाजावं आणि माझ्या नरड्यातून यावं.

समोरच्या टायरच्या दुकानातल्या माणसानं आज पूर्ण दिवस एकच टायर घासला. का ते मला कळलं नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानंही सांगितलं नसतं कदाचित.

तू सांग पण.

भिंगरी


२६ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

तुझा फोन येऊन गेल्यापासून मी एकाच जागी बसलेय. आजवर असं झालेलं नाही, कानसेनला वाटलं मला ताप आला. फोन त्यानंच उचलला होता. म्हणाला, "एक बाई आहेत. नाव सांगत नाहीत. पण आवाज ऐक एकदा." मला धावत यायला सांगताना त्याचा चेहरा असा होता की मला वाटलं कुणी गेलं.

तू एवढंच बोललीस. मी लिहून काढते, कारण तू परत सांगणार नाहीस.

"शेवटच्या ओळीला तोंडावरचा दिवा उतरवायचे. एरवी त्या उजेडात मला काही दिसायचं नाही. तेवढ्यातच विंगेतलं दिसायचं. तू पेटीवर आहेस का ते बघायचे. दिसलीस की पुढचा शब्द."

मी काहीतरी म्हणायला गेले तर तू म्हणालीस, "थांब. एकदा बघितलं तर पेटी रिकामी होती. 'घरी' म्हटलं आणि स्टेजवरून तशीच पळाले. तू बाहेर तिकिटवाल्याजवळ बिस्किटं खात बसली होतीस. मग मी परत गायले नाही. झालं समाधान? आता हे त्या लोकांना विकायचं नाही. ते आपलं आहे."

आणि ठेवलास. गरम पाण्यात मनगट धरतेस का हे विचारायचंही राहिलं.

मला बिस्किटं आठवतात, ताई. तिकिटवाल्याचा खाकी शर्टसुद्धा आठवतो. तू धापा टाकत आलीस आणि मला इतक्या जोरात धरलंस की बिस्किटाचा चुरा झाला आणि मी त्या चुऱ्यासाठी रडले, हेही. पण त्या दिवसानंतर तू गायली नाहीस हे मला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं होतं बँड फुटला. तूच सांगितलं होतंस, आणि त्याच सुरात, ज्या सुरात तू दूध संपलंय म्हणून सांगतेस.

म्हणजे जे मी इतकी वर्षं गाण्यातली जागा समजत होते, ती तुझी काळजी होती. मला वाटायचं तू थांबलीस म्हणजे संपलं. आणि तू तिथं मी आहे का ते बघत होतीस.

आता खरं सांगते, खोटं कशाला. फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला माहीत आहे? हे सांगितलं तर दिग्दर्शकबाई वेड्या होतील. विंगेतली पेटी, चादर, झोपलेली पोर. डोळ्यांसमोर शॉट आलासुद्धा. जिभेवर आलं होतं. कानसेन समोरच उभा होता, विचारत होता, काय गं, काय झालं.

मी म्हटलं, "काही नाही. घरचं आहे."

तोंडात तीळ आहे, ताई. बघू.

भिंगरी


५ मार्च

ताई,

शुक्रवार झाला. तुला झोप लागावी म्हणून आधी शेवट सांगते: मी सांगितलं नाही. आता मधलं.

खोलीत दिग्दर्शकबाई पाठीला उशी लावून, कानसेन त्याच्या बटणांपाशी, दाढीदादा कोपऱ्यात, हिरॉईन जमिनीवर मांडी घालून, आणि मी दाराला टेकून, म्हणजे पळायचं झालं तर सोपं.

"तर?" दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "काय बघते ती?"

"नाही सांगता येत."

"म्हणजे कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

"सांगायचं नाही मला."

खोलीत टाळी मरते तसं माझं बोलणं मेलं. दिग्दर्शकबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचांवर ओरखडे होते, तुझ्याकडं पाठवायला हव्यात. म्हणाल्या, "मुली, तुला कळतंय ना, तू काय घालवतेयस?"

कळत होतं. मी मान हलवली.

"ठीक. कानसेन, काप तो तुकडा."

कानसेननं बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसला. एवढ्या मोठ्या मशीनला जणू गंज चढला. तेव्हा दाढीदादा कोपऱ्यातून बोलला, पहिल्यांदाच. "मी तो सूर धरून उभा राहायचो. प्रत्येक खेळाला. सुरुवातीला चिडायचो, म्हटलं ही माझी चाल बिघडवते. मग एकदा तिच्या नजरेमागं बघितलं. तेव्हापासून ती म्हणेल तितका वेळ धरायचो."

"म्हणजे तुला माहीत आहे!"

"आहे."

"सांग मग."

"नाही."

दिग्दर्शकबाई हिरॉईनकडं वळल्या. "आणि तू? तू त्या शॉटला काय बघत होतीस?"

हिरॉईननं मोज्यातलं भोक अंगठ्यानं झाकलं. म्हणाली, "मी माझ्याकडचं बघितलं. ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला कशाला सांगू?"

"घुमे," दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "सगळे घुमे माझ्याच वाट्याला आलेत." मग बराच वेळ पडद्यावर तो एकच शॉट परत परत बघत बसल्या. मान वळते, नजर जाते, परत येते. शेवटी उशी सरळ केली आणि म्हणाल्या, "मी काय बघत असते ते मला आता आठवतंय. मीही नाही सांगणार. ठेव तसंच. आवाज पोरीचाच."

मला रडू यायला हवं होतं. मला उचकी लागली. कानसेन म्हणाला, "ही उचकी रेकॉर्ड झाली तर तुझी खैर नाही."

मग मी डमी नव्हे, खरं गाणं गायले. कानसेननं हेडफोनची पट्टी माझ्या डोक्यावर घट्ट केली, काचेचं दार बंद झालं. मोठ्या बाई मुद्दाम थांबल्या होत्या, काचेपलीकडं थर्मास मांडीत धरून. मी तुझ्यासारखी गायले नाही, ताई. प्रयत्न केला, पण तू थांबायचीस ते मी आहे का बघायला. मला ते कुठून येणार? मी थांबले ते तू आहेस हे माहीत होतं म्हणून. त्यामुळं थोडं वेगळं झालं. दाढीदादानं गिटार खाली ठेवली आणि कानसेनला म्हणाला, "दुसरा टेक नको."

विकलं नाही काही. एवढंच कळवायचं होतं.

भिंगरी


२१ एप्रिल

ताई,

काल घरमालकीणबाईंनी हाक मारली, "तुझ्या चष्मेवाल्या ताईचा फोन आला होता. विचारत होती, कधी आहे ते." मी विचारलं, आणखी काय म्हणाली? "काही नाही. पण छान बोलते गं. ती खरंच गायची?" आता त्यांचा विश्वास बसला.

तर सगळं नीट लिहिते. आधी एक सांगून ठेवते, म्हणजे तू मध्येच उलट फिरणार नाहीस. सिनेमाची गाणी बाजारात आलीत. सगळीकडं वाजताहेत, तुझ्या दुकानातही वाजत असतील. त्यात शेवटचं गाणं मोठ्या बाईंच्या आवाजात आहे आणि त्यात ते थांबणं नाही. कंपनी म्हणाली, बाईंच्या नावावरच तर गाणी विकली जातात. दिग्दर्शकबाई भांडल्या, दाढीदादा भांडला. मी भांडले नाही. समोरचा टायरवाला दिवसभर ते गातो, सरळ, न थांबता, आणि आनंदात असतो. असू दे. त्याला घाई असते. ते ऐकून तुला वाटलं असेल की कापलं. सिनेमात कापलेलं नाही. तिथं थिएटरात अंधार होतो, आणि माझं नरडं.

येत्या रविवारी, दुपारी तीनला, आमच्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पहिला खेळ आहे. स्टँडवर उतरलीस की मोठ्या रस्त्यानं येऊ नकोस, खोदून ठेवलाय. मागच्या गल्लीनं ये. एक दाताच्या डॉक्टरची पाटी लागेल, तिच्यावरचा दात हसतोय, मला रोज त्याचं आश्चर्य वाटतं, दाताला तोंड कुठून आलं. तिथं उजवीकडं वळ. हॉलमध्ये फार गार असतं, शाल आण. तुला पहिल्या रांगेत बसायला आवडत नाही हे मी दाढीदादाला सांगितलंय. तो म्हणाला, माहीत आहे. तो तुझ्याशी बोलायला येणार नाही, तू बोललीस तर बोलेल. घाबरलाय. शर्ट विकत घेतलाय.

हिरॉईनला तुला भेटायचंय. भेटू नये असं वाटलं तर मी सांगेन तू दमलीस. मोठ्या बाईंनी मला तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "तुझ्या ताईला चहा चालतो ना?"

सिनेमा बघून तुला राग येणार असला तरी ये, नसला तरी ये, मध्येच उठून जावंसं वाटलं तर ऊठ. पण शेवटच्या गाण्याआधी उठू नकोस. तिथं पडद्यावर ती मान वळवेल आणि दिसणार काहीच नाही, नुसता अंधार. लोक आपापलं बघतील. आपलं काय आहे ते तिथं तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तिसऱ्याला मी सांगितलेलं नाही. दाढीदादाला होतंच ठाऊक, त्याला मोजू नकोस.

तू येईपर्यंत मी बाहेर, मोठ्या दारापाशी, तिकिटांच्या खिडकीजवळ उभी असेन. तुला शोधावं लागणार नाही. गाडी उशिरा आली तरी तिथंच असेन, खेळ सुरू झाला तरी. कुणी हाक मारली तरी हलणार नाही, चहाला सुद्धा जाणार नाही.

तुझी,
भिंगरी